सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल बोर्डाला उभं राहायचंय, ग्रीन कार्डवर चालेल का?

नाही चालणार ताई, उमेदवार व्हायला सिटिझन आणि रजिस्टर्ड व्होटर असावंच लागतं, शिवाय राहायलाही त्याच डिस्ट्रिक्टमध्ये. पण मतदान मात्र तुम्ही करू शकता, हे आपल्या लोकांना माहीतच नसतं! २०१६ मध्ये तिथे प्रपोझिशन एन (मतदारांसमोर ठेवलेला प्रस्ताव) पास झालं, आणि २०१८ च्या निवडणुकीपासून १९ वर्षांखालच्या मुलांचे सिटिझन नसलेले आईवडीलही फक्त स्कूल बोर्डासाठी मत देऊ शकतात, कोर्टातही ते टिकलं. त्याचा फॉर्म वेगळा असतो, नेहमीचा व्होटर फॉर्म चुकूनही भरू नका, पुढे सिटिझनशिपला मोठा त्रास होतो, आधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच.

सिटिझन झाल्यावर मात्र जरूर उभ्या राहा. एकूण ७ जागा, ४ वर्षांची मुदत आणि वॉर्ड वगैरे काही नाही, अख्ख्या शहरात मतं मागावी लागतात, त्यामुळे ओळखी आत्तापासून वाढवा. बोर्डाच्या मीटिंगला जाऊन बसा, पब्लिक कॉमेंटमध्ये बोला, बजेट वाचा. मला बजेट सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण शाळा बंद करायची की शिक्षक कमी करायचे हे तिथेच ठरतं.

आणि पालक किती जागरूक आहेत बघा, कोविडमध्ये शाळा बंद असताना बोर्ड ४४ शाळांची नावं बदलायच्या मागे लागलं, लोवेल हायस्कूलची मेरिटवरची ॲडमिशनही काढली, तर फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी ३ मेंबर्सना रिकॉल करून, म्हणजे मुदत संपायच्या आधीच मतदान करून, घरी पाठवलं.