मेंबरशिप चालू करतोयस? आधी एवढं बघ

अरे भावा, राजहंसगडावरचा तुझा व्हिडिओ बघितला. आवाजात सगळा वारा घुसलाय, पण बोलतोस झकास. महिन्याला पैसे भरणारे मेंबर घ्यायची घाई मात्र नको.

यूट्यूबवर मेंबरशिपला किमान ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि वर्षात लोकांनी बघितलेले ३,००० तास लागतात (किंवा ९० दिवसांत ३० लाख शॉर्ट्स व्ह्यूज). तोवर फुकटचंच नीट चालव.

मग पुढं:

- दर एकच ठेव. मी हौसेनं तीन ठेवले, तिन्हींना वेगळी वचनं. रोप लावणी आली, दिवसभर चिखलात आणि रात्री एडिटिंग. दोन महिन्यांत निम्मे मेंबर गेले, आणि बरोबरच होतं त्यांचं.
- महिन्याला एकच जादा व्हिडिओ कबूल कर, पण तारीख चुकवू नको.
- कर वजा जाता मेंबरच्या पैशातले ७० टक्केच हातात येतात. हिशोब त्यावर मांड.

जुने फुकट व्हिडिओ कुलपात घालू नको, लोक चिडतात. आणि भाषा पुणेरी करू नको. खानापूर-निपाणीची पोरं पुण्या-गोव्याला कामाला आहेत, ती पैसे भरतात ते गावाकडचं बोलणं ऐकायलाच.

बाकी थंबनेल-बिंबनेल नंतर बघू. आधी कॉलरचा माईक घे बाबा.