व्यायामाने यांचे विसरणे थांबेल का?

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाचे घरचे लोक हा प्रश्न मला बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात. मागे भेटायला आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या एका काकूंनीही तोच विचारला. काकांना अल्झायमर होता. फिजिओथेरपिस्टने दिलेला चित्रांचा कागद काकूंनी फ्रिजवर चिकटवला होता. रोज सकाळी त्या “हात वर करा, आता पाय उचला” असे सांगत आणि काका चिडून आतल्या खोलीत जाऊन बसत.

विसरणे थांबणार नाही, हे मी त्यांना आडवळण न घेता सांगितले. ब्रिटनमध्ये सुमारे ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामाने अंगातली ताकद वाढली, बुद्धीची घसरण मात्र मंदावली नाही. तरीही व्यायाम सोडू नये, कारण फिनलंडमध्ये वर्षभर घरी व्यायाम करवून घेतलेले रुग्ण कमी वेळा पडले. आणि अमेरिकेतील २००३ च्या एका अभ्यासात, जिथे व्यायामाच्या जोडीला सांभाळणाऱ्यांनाही प्रशिक्षण दिले होते, तिथे रुग्णांचे नैराश्य कमी झाले.

काकांचा राग मला हट्ट वाटला नाही. तोंडी सूचना ध्यानात ठेवून तशी हालचाल करणे या आजारात फार जड जाते, पण वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कामे बराच काळ टिकतात. म्हणून मी त्यांच्या जुन्या सवयी विचारल्या, तेव्हा कळले की निवृत्तीनंतरही ते रोज पहाटे स्वतः दूध आणायला जात. कागद काढून टाका, फक्त कापडी पिशवी त्यांच्या हातात द्या आणि सोबत निघा, असे मी काकूंना सुचवले. पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून काका उठले, म्हणे, काही न बोलता. चहाआधी खुर्चीतून पाच वेळा उठणे-बसणे मात्र काकूंनी समोर बसून, स्वतःही करत, करून घ्यायचे ठरले. पडण्याची भीती सुनेला होती आणि ती रास्तच होती. त्यामुळे चपलांऐवजी टाचबंद बूट, भिंतीला टेकवलेली खुर्ची आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला, एवढे आधी झाले.

तीन महिन्यांनी काका काकूंना अधूनमधून “ताई” म्हणतच होते. पण संध्याकाळची येरझार कमी झाली होती, आणि कित्येक महिने उंबरठा न ओलांडलेल्या काकूंची पाठदुखीही. आता रविवारी दुधाला सून सोबत जाते आणि काकू सात वाजेपर्यंत झोपतात.