श्रीमंत आणि गरीब देशांतील उच्च माध्यमिक पटनोंदणीची तुलना कशी करावी?

प्रथम कोणते प्रमाण वापरले आहे ते पाहावे, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. स्थूल नोंदणी प्रमाणात त्या स्तरावर शिकणारे सर्व विद्यार्थी, त्यांचे वय काहीही असो, मोजले जातात आणि त्या संख्येला केवळ अधिकृत वयोगटाच्या लोकसंख्येने भागले जाते. समजा, त्या वयाची १०० मुले आहेत, त्यांपैकी ७० शाळेत आहेत आणि नापास झालेले किंवा उशिरा आलेले आणखी २० जण त्याच वर्गांत बसतात. स्थूल प्रमाण ९० टक्के दिसेल, पण ३० मुले शाळेबाहेरच असतील. फिनलंड आणि स्वीडनमध्ये प्रौढही व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेत असल्यामुळे हेच प्रमाण १०० टक्क्यांच्या वर जाते, आणि त्यात चूक काही नसते. म्हणून युनेस्कोच्या आकडेवारीतील शाळाबाह्य मुलांचे प्रमाण मला अधिक विश्वासार्ह वाटते. त्यानुसार अल्प उत्पन्न गटातील देशांत या वयाची निम्म्याहून अधिक मुले शाळेबाहेर आहेत, तर उच्च उत्पन्न गटात दहांत एकही नाही.

ही दरी केवळ पैशाची नाही. फिनलंडने २०२१ मध्ये सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा १८ वर्षांपर्यंत नेली. गरीब देशांत मात्र पुष्कळ मुले आधीचाच टप्पा पूर्ण करत नाहीत, त्यामुळे केवळ उच्च माध्यमिक वर्ग वाढवून ते भरत नाहीत. शिवाय पटावर नाव असणे म्हणजे हजेरी नव्हे.