नोंदीत गरीब नाही, मग महिना का पुरत नाही?

कुटुंब समुपदेशनात पैशांवरून होणारे वाद बहुधा एकाच वाक्यापाशी येऊन अडतात: "एवढा पगार येतो, मग जातो कुठे?" पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातील एक जोडपे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आले होते. पती कंत्राटी कामगार, पत्नी दोन घरी पोळ्या करणारी, दोन मुले आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. दोघांची मिळून महिन्याची कमाई २४,००० रुपये. शाळेची फी भरण्यासाठी पत्नीने घरी न सांगता बचत गटातून कर्ज काढले होते आणि ते हप्त्याच्या पुस्तिकेवरून उघडकीस आले. पती म्हणाला, "मॅडम, आम्ही काही गरीब नाही. पांढरं रेशनकार्ड आहे आमचं. हिलाच घर चालवता येत नाही." पत्नीने प्रतिवाद केला नाही, आपलेच चुकत असणार असे तिलाही वाटू लागले होते, आणि मला अधिक काळजी वाटली ती याची.

महाराष्ट्रात वर्षाला एक लाखाहून अधिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पांढरी शिधापत्रिका मिळते, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य मिळणाऱ्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. या कुटुंबाचे घरभाडेच वर्षाला ९०,००० होते. गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेली राज्याच्या शहरी भागाची २०११-१२ ची दारिद्र्यरेषा माणशी महिना १,१२६ रुपये होती. महागाईपोटी ती दुप्पट धरली, तरी पाच माणसांचे घर सव्वाअकरा हजारांच्या वर गेले की गरीब ठरत नाही. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक घर कशाचे बांधलेले आहे, वीज, शौचालय, बँक खाते आहे का, हे पाहतो. त्या घराचे भाडे किती, हे विचारत नाही. ही मोजमापे निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. धान्य आधी कोणाला द्यायचे, मागच्या दशकापेक्षा परिस्थिती सुधारली का, हे ठरवायला ती लागतातच. मात्र कोणाच्या घरखर्चाचा हिशेब तपासायला ती बनवलेली नाहीत.

म्हणून मी पत्नीची वही मागितली. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिने बारीक अक्षरात सगळे लिहून ठेवले होते: भाडे ७,५००, लाइट बिल ९००, शाळा आणि व्हॅन ३,२००, सासूबाईंची औषधे १,९००, पेट्रोल १,८००, गटाचा हप्ता २,०००. बेरीज मी पतीलाच करायला सांगितली. १७,३०० वजा जाता उरलेल्या ६,७०० रुपयांत किराणा, दूध, भाजी, गॅस, कपडे, मोबाइल, म्हणजे माणशी दिवसाला ४५ रुपयांहूनही कमी. नियोजन आयोगाने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दारिद्र्यरेषा म्हणून माणशी दिवसाला ३२ रुपयांचा आकडा दिला, तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. इथे तो गदारोळ फक्त नवरा-बायकोत चालला होता.

"माझ्या वडिलांनी याहून कमी पैशांत चार पोरं वाढवली," असे तो तरीही म्हणाला. हा मुद्दा मला पुष्कळदा ऐकायला मिळतो आणि तो खोटा नसतो. वडिलांचे घर स्वतःचे होते, ज्वारी शेतातली होती, शाळा जिल्हा परिषदेची आणि पायी जाण्याच्या अंतरावर. यांतले काहीच विकत घ्यावे लागत नव्हते. हे त्याने स्वतःच मोजून सांगितले, तेव्हा त्याचा आवाज उतरला.

पुढच्या भेटींत दोन-तीन साधी कामे झाली. डॉक्टरांना विचारून सासूबाईंची औषधे जनऔषधी केंद्रातून आणायला सुरुवात केली, त्याने खर्च कमी झाला. कर्ज दोघांचे मानून हप्ता पतीने आपल्या पगारातून भरायचा ठरले. तूट संपलेली नाही आणि भाडे वाढले तर पुन्हा ताण येणारच. सध्या वाद आहे तो त्याने ओव्हरटाइम किती करावा यावर, आणि त्यात ती आपले मत स्पष्टपणे मांडते.