ठेवलेली घड्याळे आणि सुटलेली घड्याळे

पुणे

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले आणि सोबत पाठवलेला घड्याळांच्या डब्याचा फोटोही नीट पाहिला. अकरा घड्याळांपैकी आठ आता हातात घ्यावीशी वाटत नाहीत, आणि जी तीन वाटतात त्यांत महागडे एकही नाही, याची तुला रुखरुख लागली आहे. पुढच्या खरेदीसाठी यांतले कोणते विकावे, असेही तू विचारले आहेस. विकण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, म्हणून तो शेवटी घेतो. रस का आटतो हे आधी पाहू, कारण ते न उमगता तू बारावे घड्याळ घेतलेस तर वर्षभराने त्याच्याबद्दलही असेच पत्र लिहिशील.

तुझ्या आठ घड्याळांविषयीची तुझीच टिपणे पुन्हा वाचून पाहा. एक घेतलेस कारण आधीच्याची काच साध्या मिनरलची होती आणि याची सहज चरे न पडणाऱ्या सफायरची. दुसरे घेतलेस कारण त्याचे यंत्र तासाला २१,६०० ऐवजी २८,८०० ठोके देते आणि सेकंदकाटा अधिक सलग सरकतो. तिसरे १०० ऐवजी २०० मीटर पाण्याचे होते, चौथे एकदा चावी भरली की चाळीसऐवजी ऐंशी तास चालणारे. हे गुण खोटे नाहीत. पण ते सगळे मोजता येणारे गुण आहेत, आणि मोजता येणाऱ्या प्रत्येक गुणाच्या बाबतीत कोणी ना कोणी पुढचा आकडा गाठतोच. ज्या कारणाने तू घड्याळ घरात आणलेस, त्याच कारणाने ते सहा महिन्यांत मागे पडते. त्यात घड्याळाचा दोष नसतो आणि तुझ्या चंचलपणाचाही फारसा नसतो. याउलट जी तीन तू ठेवली आहेस, त्यांच्याविषयी लिहिताना तू दुसऱ्या कोणत्याही घड्याळाचा उल्लेख केलेला नाहीस. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुझ्याच पत्रात आहे.

अचूकतेचेच उदाहरण घे, कारण घड्याळाचे मूळ काम तेच. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने जपानमध्ये अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर स्फटिकाच्या कंपनांनी चालणारे, मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्याची किंमत ४,५०,००० येन होती आणि महिन्याला पाच सेकंदांच्या आत चूक होईल असे कंपनीचे सांगणे होते. स्वित्झर्लंडमध्ये यांत्रिक घड्याळांना क्रोनोमीटरचे, म्हणजे अचूकतेचे, प्रमाणपत्र देणारी जी संस्था आहे, तिच्या नियमानुसार यंत्र सरासरीने दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जाऊ शकते. म्हणजे लाखो रुपयांचे प्रमाणित घड्याळ महिन्याला तीन मिनिटे पुढे गेले तरी नियमात बसते, आणि १९८९ पासून विकले जाणारे, कॉलेजातल्या निम्म्या मुलांच्या हातात दिसणारे कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे प्लॅस्टिकचे घड्याळ महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या आत राहण्याची हमी देते. अचूकता हेच ठेवण्याचे कारण असते, तर यांत्रिक घड्याळांचा संग्रह करणारा माणूस पन्नास वर्षांपूर्वीच नामशेष झाला असता. तो झाला नाही, याचा अर्थ लोक घड्याळे घेताना आकड्यांची कारणे देतात आणि ठेवताना भलत्याच कारणांनी ठेवतात.

ठेवलेल्या तीनांपैकी तुझी एचएमटी ‘जनता’ पाहा. एचएमटी या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. जनतेत सतरा ज्युएल (चाकांचे आस टेकवायचे खडे), तासाला १८,००० ठोके, रोज हाताने चावी देण्याची गरज, तारीख नाही आणि पाण्यापासून संरक्षण जवळपास नाही. तुझ्या डब्यातल्या कोणत्याही घड्याळाशी आकड्यांत तिची तुलना केली तर ती हरते. तरीही आंघोळ झाल्यावर, जेवणाचा डबा भरला जाईपर्यंतच्या वेळात तू तिला चावी देतोस, आणि स्प्रिंग घट्ट होत आल्याचे बोटांना कळते ते तुला आवडते, असे तू लिहिले आहेस. या आवडीला दुसरे घड्याळ मागे टाकू शकत नाही, कारण तिथे शर्यतच नाही.

मात्र जनता आवडली म्हणून एचएमटीची वीस घड्याळे गोळा करायला निघू नकोस. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या भडक रंगांच्या एचएमटींपैकी पुष्कळांच्या तबकड्या नंतर छापलेल्या असतात आणि आतले यंत्र तीन-चार मेलेल्या घड्याळांतून जुळवलेले असते. चालवायला अशा घड्याळात काही गैर नाही. पण ते अस्सल समजून घेतले आणि नंतर कळले, की त्या एकावरचाच नव्हे तर सगळ्या मालिकेवरचा जीव उडतो. मालिका पुरी करण्याच्या नादाचेही तसेच आहे. सर्व रंगांच्या तबकड्या जमवायच्या ठरवल्या की शोधात मजा येते, आणि शेवटची हाती लागते त्या दिवशी करण्यासारखे काही उरत नाही. अशा माणसाला शोधाची गोडी असते, घड्याळांची असेलच असे नाही.

आता शरीराकडे वळतो. संग्राहक याविषयी सर्वांत कमी बोलतात आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक घड्याळे याच कारणाने पेटीत जातात. दुकानात घड्याळ पाहताना हात सरळ असतो; पुण्यात मात्र तुझा हात दिवसातला तास-दीड तास दुचाकीच्या हँडलवर, मनगटातून मागे वळलेला असतो. अशा वेळी जाड घड्याळाची चावी हाताच्या मागच्या बाजूला रुतते. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीपर्यंत रोज जाणारा माणूस हे तीन महिन्यांत ओळखतो, पण कारण म्हणून सांगत नाही. तो म्हणतो, ‘हल्ली त्याचा कंटाळा आला.’ तबकडीचा व्यास सगळे विचारतात. त्यापेक्षा पट्टा अडकवायच्या शिंगांचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर आणि घड्याळाची जाडी विचारावी, कारण शिंगे मनगटाच्या बाहेर लोंबू लागली की बेचाळीस मिलिमीटरच्या घड्याळाचा बोजा दिवसभर जाणवत राहतो.

वडिलांकडून आलेली टायटन एज तुला का सोडवत नाही, याचे उत्तर मला इथेच दिसते. ‘साधी क्वार्ट्झ आहे, तरी आवडते’ असे तू काहीसे संकोचून लिहिले आहेस. २००२ मध्ये आलेल्या या घड्याळाची एकूण जाडी ३.५ मिलिमीटर आणि आतल्या यंत्राची १.१५ मिलिमीटर होती. त्या यंत्रासाठी बॅटरीपासून सगळे नव्याने बसवावे लागले असणार हे आकड्यांवरूनच कळते. शर्टाच्या बाहीखाली ते अडत नाही, गाडीवर रुतत नाही आणि महिनाभर खणात पडले तरी बाहेर काढल्यावर वेळ बरोबर दाखवते. वडिलांची आठवण त्यात आहेच, पण केवळ आठवणीचे घड्याळ बहुधा कपाटात जपले जाते, हातावर राहत नाही. तुझे हातावर आहे. संकोच करण्याचे कारण नाही.

महिनाभर पडून राहण्याचा मुद्दा तुझ्या चंद्रकला दाखवणाऱ्या स्वयंचलित, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, घड्याळाला नेमका उलटा लागू पडतो. अकरा घड्याळे आळीपाळीने घालायची म्हणजे प्रत्येकाची पाळी दहा-अकरा दिवसांनी येणार, आणि स्वयंचलित घड्याळ हातावरून उतरल्यावर दोन दिवसांत बंद पडणार. मग सकाळी घाईच्या वेळी वेळ लावा, वार लावा, तारीख लावा, महिना लावा, चंद्र लावा. त्यातही रात्री नऊ ते पहाटे तीनच्या सुमारास तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात म्हणून त्या वेळेत तारीख हाताने बदलायची नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात हा सोहळा वाटतो. तिसऱ्या महिन्यात हात आपोआप दुसऱ्या घड्याळाकडे जातो. ज्याच्याकडे असे एकच घड्याळ आहे तो ते वर्षानुवर्षे वापरतो, कारण त्याला ते क्वचितच लावावे लागते. गुंतागुंतीचे घड्याळ आणि भरलेला डबा यांचे एकमेकांशी जमत नाही. दोन्हींपैकी एक ठेवावे.

गैरसोयीचे घड्याळ टिकत नाही याला अपवाद तू ठेवलेल्या तीनांतल्या तिसऱ्या घड्याळाचा आहे. सेइकोच्या, पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी बनवलेल्या त्या एसकेएक्समध्ये ७एस२६ हे यंत्र आहे. त्याला चावी देता येत नाही, वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही, आणि बंद पडले की हलवून जागे करावे लागते. ते २०० मीटर पाण्याचे आहे, पण पुण्यात तेवढे खोल पाणी कुठे आहे हे मला ठाऊक नाही. पोहायच्या टिळक तलावात तर नक्कीच नाही. तरीही ते टिकले, कारण तू त्याची तबकडीभोवतीची फिरती कडी वापरतोस. डाळ शिजायला लावली की कडीवरची खूण मिनिटकाट्याशी आणायची, ऑफिसच्या बैठकीत कोण किती वेळ बोलले हे पाहायचे, गाडी पार्किंगमध्ये किती वाजता लावली ते कळायचे, असे तिचे उपयोग तू स्वतः शोधलेस. घड्याळाचा एक भाग तुझ्या दिवसात कामाला लागला आणि त्यामुळे बाकीची गैरसोय तू खपवून घेतलीस. तुझ्याकडच्या क्रोनोग्राफची, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाची, बटणे तू शेवटची कधी दाबलीस, हे आठवून पाहा.

कथा विकत घेतलेल्या घड्याळांबद्दल थोडक्यात लिहितो. १९६९ मध्ये ओमेगा स्पीडमास्टर चंद्रावर गेले, ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. मार्च २०२२ मध्ये ओमेगा आणि स्वॉच यांनी त्याच वळणाचे स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ काढले तेव्हा अनेक देशांत दुकानांबाहेर रांगा लागल्या. तुझ्या डब्यातही ते आहे. पण ती गोष्ट तुझी नाही आणि मित्रांना दोन-चारदा सांगून झाली की संपते. रोलेक्सच्या १९५३ च्या सबमरिनरची नक्कल असलेल्या तुझ्या निळ्या घड्याळाचे याहून वाईट आहे, कारण ते पाहताना दरवेळी जवळ नसलेले घड्याळच आठवते. पर्याय म्हणून घेतलेले घड्याळ टिकल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे. खरे हवे असेल तर थांबावे, आणि थांबवत नसेल तर मुळात ते हवे आहे का, हे तपासावे.

पट्ट्यांचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण तो वगळू नकोस. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चामड्याच्या पट्ट्याला वास आणि बुरशी धरते, घड्याळ खणात जाते आणि दिवाळीपर्यंत त्याची आठवणही राहत नाही. १८, २० किंवा २२ मिलिमीटरचा पट्टा कुठेही मिळतो, त्यामुळे असे घड्याळ पावसाळ्यात नायलॉनच्या पट्ट्यावर चालवता येते. ज्याचा पट्टा घड्याळाच्या कवचाशी एकसंध घडवलेला असतो, त्याला ही सोय नाही. तो तुटला की कंपनीच्या दारात उभे राहावे लागते.

एक काम तुला सांगतो. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि अडकित्त्यांसमोर थोडा वेळ थांब. दिनकर केळकर चष्म्यांच्या दुकानाचे वारस होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करत, आणि लोकांच्या घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्या सगळ्या अडकित्त्यांचे काम एकच, सुपारी कातरणे. तरी त्यांत सर्वांत चांगला कोणता, हा प्रश्न पाहताना सुचतही नाही. हा कोणी घडवला असेल, कोणाच्या पानपुड्यात असेल, इथे घोडा का आणि तिथे मोर का, असे प्रश्न सुचतात. घड्याळे तशी पाहता येतात का, ते बघ. त्यासाठी कधीतरी पेठेतल्या एखाद्या जुन्या घड्याळजीच्या काउंटरसमोर उभा राहून, त्याची परवानगी घेऊन, जनता उघडलेली पाहा. बॅलन्स व्हील सेकंदाला पाच वेळा झोके घेताना दिसले आणि कोणते चाक काय करते हे कळले, की त्या घड्याळात पाहण्यासारखे पुष्कळ काही उरते. शिवाय जे घड्याळ गावातला माणूस उघडून दुरुस्त करू शकतो त्याच्याविषयी धास्ती नसते. दुरुस्तीसाठी महिनोन्महिने परगावी पाठवावे लागणारे घड्याळ माणूस जपून वापरतो, मग कमी वापरतो, मग वापरतच नाही.

आता विकण्याविषयी. प्रत्येक घड्याळासमोर ते का ठेवायचे याचे एक वाक्य लिही. जे वाक्य दुसऱ्या घड्याळाचे नाव घेतल्याशिवाय पुरे होत नाही, ते घड्याळ आधी काढ. त्या हिशेबाने निळे, क्रोनोग्राफ आणि ऐंशी तासांचे ही तीन जातील असे मला वाटते. चंद्रकलेचे ठेवायचे असेल तर डबा रिकामा झाल्यावर सलग महिनाभर तेच घालून पाहा आणि मग ठरव. घेतलेल्या किमतीची आशा धरू नकोस. विकत घेणाऱ्याला तुझ्या आधीच्या उत्साहाशी देणेघेणे नसते. जाहिरात देण्याआधी निळ्याच्या स्टीलच्या पट्ट्यातून कमी केलेल्या कड्या, खोका आणि वॉरंटी कार्ड शोधून ठेव, कारण मोठ्या मनगटाचा ग्राहक कड्यांशिवाय घेणार नाही. आणि पैसे आले की त्यातून आधी जनतेचे सर्व्हिसिंग करून घे. ती रोज सात-आठ मिनिटे मागे पडते असे तू लिहिले आहेस, तेव्हा तिचे तेल बहुधा सुकले असणार.

कळावे.

तुझा स्नेही