पंप रोज देतोय, पण औषध लागू पडतंय का?

प्रश्न : आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. दम्यासाठी सहा आठवड्यांपासून ब्यूडेसोनाइड या स्टेरॉइडच्या पंपाचे सकाळ-संध्याकाळ दोन-दोन पफ चालू आहेत. काही दिवस छान जातात, कधी रात्री खोकत उठतो. औषधाचा उपयोग होतोय का, हे घरी कसं ओळखायचं?

उत्तर : एका चांगल्या दिवसावरून किंवा एका वाईट रात्रीवरून ठरवू नका. मागच्या चार आठवड्यांचा हिशेब मांडा. दिवसा खोकला, घरघर किंवा धाप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाली का? दम्यामुळे एकदा तरी रात्री जाग आली का? तातडीचा सालब्युटामॉलचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? खेळणं-पळणं कमी झालं का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर दमा ताब्यात आहे. एक-दोन 'हो' असतील तर अर्धवट ताब्यात, तीन-चार असतील तर अजिबात नाही. तुमच्याकडे रात्रीचा एक 'हो' आहेच. शेवटच्या प्रश्नाला पालक हमखास फसतात. धाप लागते म्हणून मूल आपणहून बसून खेळायचे खेळ निवडतं आणि घरच्यांना वाटतं, त्रास नाही. म्हणून "पळताना मध्येच थांबावं लागतं का?" हे त्यालाच विचारा.

'हो' निघालं म्हणून डोस वाढवायची घाई मात्र नको. आधी औषध छातीत पोचतंय का ते बघा. बहुतेक वेळा घोडं तिथंच अडलेलं असतं. पंपावरचा आकडा वाचा. रोज चार पफ म्हणजे सहा आठवड्यांत १६८; २०० पफचा पंप असेल तर आता साधारण ३२ उरायला हवेत. ९० उरले असतील तर जवळजवळ एक तृतीयांश डोस चुकलेत. उलट, आकडा शून्यावर गेल्यावरही फवारा येतच राहतो, पण त्यात पुरेसं औषध असेलच असं नाही.

मग पद्धत. पंप हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायच्या पोकळ नळीला) लावा, एकच पफ सोडा आणि मुलाला त्यातून पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. अर्ध्या मिनिटाने पंप पुन्हा हलवून दुसरा पफ. दोन्ही एकदम सोडले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. स्पेसर महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्याने पुसला की स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच ओढून धरते. शेवटी चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी येते. हे सगळं नीट असूनही 'हो' उरत असतील तरच डोसबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि जाताना पंप व स्पेसर सोबत न्या.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीचा पीक फ्लो (मीटरमध्ये जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा) कधी १८०, कधी २५० येतो. कुठला आकडा धरायचा?

उत्तर : काटा शून्यावर, मूल उभं, खोल श्वास, ओठ घट्ट, मग एकच जोरदार फुंकर. असं तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नको. थुंकल्यासारखी फुंकर मारली तर आकडा खोटाच वाढतो. रोज सकाळ-संध्याकाळ, पंप घेण्याआधी, त्याच मीटरवर मोजा. तब्येत चांगली असताना दोन आठवड्यांत आलेला सर्वांत मोठा आकडा हा तिचा स्वतःचा मापदंड. तो २५० असेल तर २०० च्या वर ठीक, १२५ ते २०० सावधान, १२५ च्या खाली तातडीचा पंप देऊन थेट दवाखाना. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना वाक्य तुटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर मीटर शोधत बसू नका. मुलगी वाढेल तसा मापदंडही नव्याने काढावा लागतो.

प्रश्न : रोजच्या स्टेरॉइड पंपाने उंची खुंटते का?

उत्तर : पहिल्या वर्षात वाढ थोडी, साधारण एक सेंटिमीटरपर्यंत, कमी होऊ शकते, दर वर्षी तितकीच घट होत नाही. दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा. तीन महिने दमा नीट ताब्यात राहिला की डॉक्टर डोस उतरवायचा विचार करतात. तोवर पंप आपल्या मनाने बंद करू नका.