शाळेतून युकॅसचा अर्ज भरताना आईबापांचं काम काय?

प्रश्न थोडक्यात असा: मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही नाशिकहून इंग्लंडला आलो. मुलगी एसएससी करून थेट इयर १२ ला (म्हणजे अकरावीला) बसली, आता इयर १३ ला आहे. शाळा म्हणते, युनिव्हर्सिटीचा ऑनलाइन अर्ज (युकॅस, म्हणजे इथल्या विद्यापीठांसाठीचा सामाईक अर्ज) तिचा तिनेच भरायचा. आम्हाला ते पोर्टल दिसतसुद्धा नाही. आम्ही नेमकं काय करायचं? एजंट गाठावा का?

उत्तर:

एजंट नको. तुमची मुलगी शाळेच्या नावावर अर्ज करणार आहे. शाळा तिला एक 'बझवर्ड' (शाळेचा परवलीचा शब्द) देईल, तो टाकला की तिचा अर्ज शाळेशी जोडला जातो. एजंट जे करायचे पैसे मागेल, ते सिक्स्थ फॉर्ममधली (शाळेच्या अकरावी-बारावी विभागातली) माणसं फुकट करतात, आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणजे शिक्षकांचा रेफरन्स (शिफारसपत्र), तो एजंट लिहूच शकत नाही.

मी रेडिंगला राहते. आमच्या घरातून असे दोन अर्ज गेले, मुलीचा २०२३ च्या शेवटी आणि मुलाचा २०२५ च्या. मुलीच्या वेळी माझी अवस्था तुमच्यासारखीच होती. आपल्याकडे अर्ज म्हणजे घरादाराचं काम. भाच्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म आम्ही चार मोठ्या माणसांनी रात्री दीडपर्यंत जागून लावला होता, कुठलं कॉलेज वर, कुठलं खाली. इथे मी लेकीच्या मागे उभी राहिले तर ती लॅपटॉपच मिटायची.

पण ते ऑप्शन फॉर्मचं डोकं इथे चालत नाही, हे आधी समजून घ्या. युकॅसमध्ये पाच पर्याय देता येतात (मेडिसिन, डेंटिस्ट्री, व्हेटर्नरीला चारच), आणि त्यांना पसंतीक्रम नसतो. आपण आणखी कुठे अर्ज केलाय हे कुठल्याही विद्यापीठाला त्या वेळी दिसत नाही. त्यामुळे 'पहिल्या नंबरला टाकलं नाही तर त्यांना राग येईल का' असली चर्चा करू नका; आम्ही एक अख्खा रविवार त्यात घालवला. क्रम लावायचा तो नंतर, सगळ्यांची उत्तरं आल्यावर. तेव्हा एक 'फर्म' (पहिली पसंती) आणि एक 'इन्शुरन्स' (ग्रेड कमी पडले तर हाताशी असलेलं दुसरं) ठेवायचं. इन्शुरन्स कमी ग्रेड मागणारं हवं, नाहीतर त्याचा उपयोग शून्य.

आता खरा मुद्दा, ज्यात आम्ही तोंडावर आपटलो. नोव्हेंबरमधली रात्र. मुलीनं माझ्या कार्डावरून फी भरली, बँकेचा मेसेज आला, अर्ज गेला. मी शिरा केला, सांगलीला फोन लावला, आईनं देवापुढे साखर ठेवली. बारा दिवसांनी सहज विचारलं, 'काही कळलं का गं?' तर म्हणाली, 'शाळेनं परत पाठवलाय.' केमिस्ट्रीच्या जीसीएसईचं (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचं) परीक्षा मंडळ तिनं चुकीचं निवडलं होतं; इथे अशी मंडळं अनेक असतात. सर्टिफिकेटवर एक, फॉर्मात दुसरंच. परत पाठवल्याची मेल ती कधीच न उघडणाऱ्या अकाउंटवर पडून होती. अर्ज युकॅसपर्यंत पोचलाच नव्हता.

म्हणजे शाळेतून भरताना 'सबमिट' दाबलं की अर्ज शाळेकडे जातो, युकॅसकडे नाही. शाळा तो ओळीनं तपासते, चूक असेल तर परत पाठवते, मग रेफरन्स आणि प्रेडिक्टेड ग्रेड्स (शिक्षकांच्या अंदाजानं मिळतील ते ग्रेड) जोडते, आणि पुढे पाठवते ती शाळाच. मुलाच्या वर्षी युकॅसची मुख्य मुदत १४ जानेवारी २०२६, संध्याकाळी सहाची होती. पण ती तारीख तुमच्या कामाची नाही. शाळा स्वतःची तारीख लावते, आमच्या शाळेची ऑक्टोबरच्या हाफ टर्मआधीची (सत्राच्या मधल्या सुट्टीआधीची) होती. एकेका शिक्षकाकडे वीस-वीस रेफरन्स असतात, जानेवारीत जागं होऊन चालत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा मेडिसिन डोक्यात असेल तर मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे शाळेची सप्टेंबरातच संपते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्ही एकाच वर्षी टाकता येत नाहीत, तेही सांगून ठेवते.

आज मुलीला एवढंच विचारा: शाळेची तारीख कोणती, आणि अर्जावर कुठला ईमेल दिलाय? शाळेचा ईमेल देऊ नका. शाळा सुटली की तो बंद होऊ शकतो, आणि निकाल ऑगस्टमध्ये लागतो.

पर्सनल स्टेटमेंटला हात लावू नका. मुलीच्या वेळी तो एकच सलग निबंध होता, चार हजार अक्षरांचा. २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले: हा विषय का, अभ्यासातून तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलं. एकूण मर्यादा तीच, प्रत्येकाला किमान ३५० अक्षरं. मुलाला हे फार सोपं गेलं, कारण निबंधाची सुरुवात कशी करायची या रडगाण्यातच ताईचे तीन आठवडे गेले होते. इंटरनेटवरचे नमुने उचलायचा मोह तुमच्या मुलीला होऊ देऊ नका. युकॅस सगळी स्टेटमेंटं एकमेकांशी ताडून बघतं. २००७ साली त्यांनी अशी तपासणी केली, तेव्हा दोनशेहून जास्त मुलांनी लहानपणी केमिस्ट्रीच्या खेळण्यानं पायजम्याला भोक पाडल्याची एकच गोष्ट लिहिलेली सापडली. आठव्या वर्षी एवढे पायजमे जळाले असते तर इंग्लंडात कापड उरलं नसतं.

तुमच्या मुलीचं प्रकरण मात्र माझ्या मुलांपेक्षा वेगळं आहे. ती दहावी तिकडे करून आली, म्हणून तीन गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील.

पहिली, शिक्षणाचा विभाग. वर्गातली बाकी मुलं जीसीएसई भरतील, तिनं एसएससी भरायची, शाळेचं नाव आणि महिन्यासकट. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम निराळा. अर्जात पासपोर्टप्रमाणे लिहायचं, आणि फरक आहे हे शाळेला आधीच सांगायचं, म्हणजे पुढे कागद जुळेनात असं होणार नाही. ए लेव्हल्स (इयर १३ च्या शेवटची परीक्षा) 'पेंडिंग', म्हणजे निकाल बाकी, म्हणून टाकायची. इंग्रजीच्या बाबतीत काही विद्यापीठं वेगळं आयईएलटीएस मागतात, ते प्रत्येक कोर्सच्या पानावर बघा, आणि पान गोंधळात टाकत असेल तर प्रवेश कार्यालयाला मेल करा. पाच मेल लिहायला एक दुपार जाते.

दुसरी, रेफरन्स. त्याचे आता तीन भाग असतात: शाळेची माहिती, विद्यार्थ्याच्या अडचणी असतील तर त्या, आणि कोर्ससाठी मूल किती योग्य आहे ते. अभ्यासक्रम, देश, भाषा, सगळं एका उन्हाळ्यात बदललं, हे त्या मधल्या भागात यायला हवं. शिक्षकांना वाटतं मुलगी शांत आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. आपल्या मुली स्वतःहून तोंड उघडत नाहीत. तुम्ही तिच्या शाळेतल्या ट्यूटरला (वर्गशिक्षकांना) भेटा किंवा चार ओळींची मेल टाका. प्रेडिक्टेड ग्रेड्सचंही त्याच भेटीत विचारा, पण घासाघीस करू नका. मी मुलीच्या वेळी केली होती, बी चा ए करून मागितला. तिच्या बायॉलॉजीच्या बाईंनी शांतपणे मॉकचा (सराव परीक्षेचा) पेपर माझ्यासमोर ठेवला. त्या पेपरात बी सुद्धा उदारपणे दिलेला होता.

तिसरी सगळ्यात महागडी: फी. २०२५-२६ ला इंग्लंडमधली होम फी (इथल्या रहिवाशांची फी) वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड होती. आंतरराष्ट्रीय फी बऱ्याच ठिकाणी वीस हजारांच्या पुढे जाते. होम फीसाठी साधारणपणे कोर्स सुरू होताना इथला कायम राहण्याचा हक्क आणि त्याआधी तीन वर्षं इथलं वास्तव्य लागतं. तुम्ही मागच्या वर्षी वर्क व्हिसावर आला असाल, तर मुलगी त्यात बसत नाही, आणि सरकारी स्टुडंट लोनही मिळत नाही. कडू आहे, पण ऑफर आल्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. अर्जात पैसे कुठून येणार असा एक रकाना आहे. वर्गातली मुलं तिथे देखादेखी सरकारी फायनान्स निवडतात, शिक्षकही सवयीनं तेच सांगतात. तुमच्या मुलीनं तिथे थांबायचं. काही अपवाद आहेत, ते यूकेसीआयएसए या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नीट मांडलेत, आणि शेवटचा निर्णय विद्यापीठाचा असतो. पाच पर्याय ठरवण्याआधीच त्यांना विचारा, नाहीतर न परवडणाऱ्या पाच ऑफर हातात घेऊन बसाल.

आणखी एक बारीकसं. अर्जात 'नॉमिनेटेड अ‍ॅक्सेस' म्हणून एका माणसाचं नाव देता येतं. ते दिलं तरच युकॅस तुमच्याशी फोनवर बोलतं, एरवी आई असा की बाप, सांगत नाहीत. माझ्या मुलानं ते नाव खळखळ करत दिलं. पुढे निकालाच्या आठवड्यात तो तापानं आडवा पडला, तेव्हा फोन मीच केला. अर्जाची फी मुलाच्या वेळी २८ पौंड ९५ पेन्स होती. शाळेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांना तीही माफ आहे.

मुलगी आज फॉर्म उघडून बसली तर तिला सुरुवातीच्या विभागांतच विचारतील, यूकेमध्ये राहायला पहिल्यांदा कधी आलीस. व्हिसा मिळाल्याची तारीख नाही, पाय ठेवल्याची. मधल्या कधीतरीच्या सुट्टीतल्या ट्रिपा धरून उगाच घोळ होतो, म्हणून तिचे पासपोर्ट, जुना असेल तर तोही, विमानाचं तिकीट आणि एसएससीची मार्कशीट एका फोल्डरमध्ये घालून टेबलावर ठेवून द्या. तिला फॉर्म भरताना हाका मारायला लागू नयेत.